धम्मपालने सांगितलं, वास गेला

धसईला बाजाराच्या दिवशी रस्ता तसाही तुंबलेलाच असतो. त्यात त्या सकाळी गावातल्याच भगीरथचा ट्रॅक्टर शिरला, आणि ट्रॅक्टरच्या मागे साखळदंडाने बांधलेलं एक पांढरं, फुगीर, खिडक्या असलेलं धूड. भेंडी निवडणाऱ्या बाया हातातली भेंडी तशीच धरून बघत राहिल्या. कोणी म्हणालं सर्कस आली. कोणी म्हणालं, छे, इलेक्शनची गाडी. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर धम्मपाल बसला होता, बावन्न वर्षांचा गडी, पण नवरदेवासारखी छाती काढून. “अरे, वाट सोडा रे! घर घेऊन चाललोय!” असं तो ओरडला आणि सगळा बाजार हसला.

घरच होतं ते, म्हणजे व्हायचं होतं. ठाण्याच्या कुणा हौशी माणसाने तानसा तलावाच्या बाजूला जागा घेऊन पर्यटकांसाठी ही चाकांवरची खोली आणून ठेवली होती. कॅम्पर म्हणतात तिला. गाडीला जोडायची, वाटेल तिथे न्यायची आणि आत झोपायचं. पर्यटक काही आले नाहीत. माकडं आली, घुशी आल्या, दोन पावसाळे आत पाणी आलं, आणि शेवटी त्या माणसाने ती भंगारात काढली. धम्मपालने ती भंगारातून उचलली, शहापुराहून मुरबाडमार्गे जवळजवळ रात्रभर ओढत आपल्या दारात आणली आणि जांभळीखाली विटा लावून उभी केली.

हा उपद्व्याप कशासाठी, तर लेकीसाठी. दिपिका त्याची एकुलती एक, बदलापूरला दिलेली, आणि तिचं पहिलं बाळंतपण आलेलं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण माहेर म्हणजे तीन खोल्या, वर पत्रा, आणि त्यात धम्मपालच्या भावाचं बिऱ्हाडही. दिपिकाची सासू फोनवर गोड आवाजात म्हणाली होती, “तुमच्याकडं जागेची अडचण असेल तर राहू द्या हो, इथंच करू.” बाई काही वाईट बोलली नव्हती. पण धम्मपालला ते असं झोंबलं की तो दोन दिवस नीट जेवला नाही. रत्नप्रभा, त्याची बायको, म्हणाली, “भावजींना सांगा, मधली खोली दोन महिने देतील.” धम्मपाल कुणाकडे काही मागणारा नव्हे. “लेकीला मी नवी खोली देतो,” तो म्हणाला, “गार, एसीवाणी.”

आणि तो देऊ शकत होता, ही गोष्ट खरी. सव्वीस वर्षं त्याने डोंबिवली-कल्याणच्या फ्लॅटांतून फर्निचर केलं. कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, देव्हारे, टीव्हीची युनिटं. त्याच्या हातच्या दाराची फट शोधून सापडायची नाही. हाताखालच्या माणसांना तो रंधा धरायला शिकवायचा तो त्यांच्या पाठीमागे उभा राहून, त्यांच्या हातांवर आपले हात ठेवून. भांडण कधी नाही, व्यसन म्हणाल तर फक्त चहा. जयंतीच्या मिरवणुकीत मात्र सगळ्यात पुढे नाचायचा. चार वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा गावी परतला. एवढी वर्षं काम केलं, एकही गिऱ्हाईक त्याला कधी खोटारडा म्हणालं नाही.

पण एक खोटं होतंच, आणि ते तो आठ वर्षं सांगत होता. धम्मपालला वास येत नव्हता.

कसा येणार? बंद फ्लॅटमध्ये सनमायका चिकटवायचं सोल्युशन, थिनर, पॉलिशचा फवारा. तोंडाला फार तर रुमाल. नाक कधी मेलं ते त्यालाही कळलं नाही. कळलं ते एका साइटवर, कपाटामागे उंदीर मरून तीन दिवस झाले होते. सगळे नाक दाबून बाहेर पळाले आणि हा आत बसून डबा खात होता. लोक हसले, तोही हसला. पण त्या दिवसापासून आत कुठेतरी भीती बसली. पॉलिश लावणाऱ्याला थिनर किती उडाला हे नाकानेच कळायचं असतं. त्याला वास येत नाही म्हटल्यावर त्याला काम कोण देणार? मग तो शिकला. समोरच्याचा चेहरा बघायचा आणि त्याप्रमाणे बोलायचं. रत्नप्रभा सुकटीची चटणी करायला बसली की तव्यावर धूर दिसला रे दिसला, हा ओसरीवरून ओरडायचा, “काय झकास वास सुटलाय!” ती बिचारी खूश. पुढे काम सुटलं, गाव आलं, तरी खोटं सुटलं नाही. आता काय म्हणून सांगायचं? एवढे दिवस फसवलं म्हणून?

तर अशा माणसाने ती खोली बांधायला घेतली. आतलं सगळं कुजकं उखडलं. भिंतींना थर्माकोल, वर नवीन प्लाय, प्लायवर गुलाबी सनमायका. खाली पीव्हीसीची चादर, सोल्युशनने चिकटवलेली. फटींतून स्प्रेचा फोम भरला, खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या, मुंगी शिरणार नाही अशा. जयंतीच्या आधी काम संपवायचं म्हणून ऊन-तहान बघितली नाही. गावातले लोक बघायला यायचे, दारातून डोकावायचे, “भारीच रे!” म्हणायचे आणि लगेच मागे व्हायचे. ते मागे का होतात, याचा विचार त्याने केला नाही.

गिऱ्हाइकांना हाच धम्मपाल बजावून सांगायचा, बरं का. “पंधरा-वीस दिवस खिडक्या उघड्या टाका. वास जाईस्तोवर आत झोपू नका, लहान पोरं तर अजिबात नाय.” पण इथे रस्त्याचं खोदकाम चाललेलं, लाल धुरळ्याचे लोट उठत होते. गुलाबी सनमायकावर धूळ बसेल म्हणून त्याने सगळं घट्ट लावून घेतलं. एप्रिलचं ऊन, वर पत्र्याचं टप. आत काय शिजत असेल ते शिजत होतं.

दिपिका आली ती आठवा भरल्यावर. दारातच थबकली, पदर नाकाला लावला. “बाबा, वास येतोय का हो अजून?”

आता हीच वेळ होती. धम्मपालने रत्नप्रभाकडे बघितलं. रत्नप्रभा हसत होती. “अगो, पोटुशी बाईला सगळ्याचाच वास येतो. मला तुझ्या वेळेला गव्हाच्या पिठाचा यायचा.”

धम्मपालला ते बरंच वाटलं. “गेला वास,” तो म्हणाला. “मी बघितलं ना.”

दिपिकाने पुन्हा विचारलं नाही. लहानपणापासून तिचं असंच होतं. बाबांनी फळीवर हात मारून ‘बस’ म्हटलं की ती बेधडक बसायची.

त्या महिन्यात तिचं डोकं दुखायचं. डोळे चुरचुरायचे. सकाळी उठली की घसा कोरडा. मग बाहेर जांभळीखाली बाज टाकून बसली की तासाभरात बरं वाटायचं. “ऊन बाधतंय,” रत्नप्रभा म्हणायची. ऊन बाधत असतं तर बाहेर बसून बरं कसं वाटलं असतं, हा प्रश्न त्या घरात एकालाही पडला नाही. धम्मपालला मात्र रात्रंदिवस कसलीशी टोचणी लागली. तो एकटा असताना खोलीत जायचा, भिंतीला नाक लावायचा, छाती भरून श्वास ओढायचा. काही नाही. कोऱ्या हवेसारखी हवा. डोळ्यांना पाणी यायचं, ते घामाचं म्हणून पुसायचा. कुणाला तरी विचारावं, भगीरथला विचारावं, असं चारदा मनात आलं. पण विचारायचं तर काय विचारायचं? सुताराने स्वतःच्या खोलीचा वास दुसऱ्याला विचारायचा?

मुरबाडला दिपिका सुखरूप बाळंत झाली. मुलगी. पाचव्या दिवशी लेक-नात घरी आली आणि गुलाबी खोलीत बाज पडली.

आणि मग रत्नप्रभाने, एरवी शहाणी बाई, तिच्या आईने केलं ते सगळं केलं. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. खिडक्या बंद, दाराला गोधडी, पट्ट्यांच्या वरून आणखी चिंध्या. बाजेखाली शेगडी, शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी. मातीच्या घरात हे चालतं. मातीच्या घराला कौलांतून, कुडांतून हजार वाटा असतात. हे घर धम्मपालने बांधलेलं, इथून मुंगी जात नव्हती.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला पलीकडच्या पाड्यावरची जानकीबाई यायची. सत्तरीची, तोंडाची फटकळ. तिसऱ्या दिवशी तिने घमेलं आदळलं. “मी नाय बसत आत. माझं डोकं धरतं. नव्या चपलांच्या खोक्यात कोंबल्यावानी वाटतं. तुला वास येत नाय का रे धम्मपाल?”

“येतो ना,” धम्मपाल झटकन म्हणाला. “धुरीचा येतो.”

“ही धुरी नाय.”

“मावशे, मी सुतार आहे की तू?” तो चिडून बोलला. जानकीबाई हात झाडून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने पोरीला बाहेर पडवीत न्हाऊ घालायला सुरुवात केली. पण न्हाणं संपलं की पोर पुन्हा आतच.

पोर दूध सोडायला लागली. नाक वाहायचं, डोळे लालसर. रडायची ती सुद्धा घोगरं. जानकीबाई म्हणाली दृष्ट काढ. धम्मपाल म्हणाला, “आपल्यात नाय ते.” रत्नप्रभाने मग धुरी वाढवली, सर्दी आहे म्हणून. खोली आणखी तापली. धम्मपाल दिवसातून दहादा दारापाशी जायचा, गोधडी बाजूला करून बघायचा, “श्वास घेते ना?” विचारायचा. दिपिका म्हणायची, “बाबा, तुमी लई घाबरता.” घाबरत होताच तो. ज्याची भीती होती ते त्याला माहीत होतं आणि तेच त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

बाराव्या दिवशी भर दुपारी दिपिका किंचाळली. धम्मपाल धावला. पोरीची छाती आत ओढली जात होती, फासळ्या दिसत होत्या, प्रत्येक श्वासाला शिट्टी. ओठ निळसर पडलेले. भगीरथने आपली इको गाडी काढली. धसई ते मुरबाड हा रस्ता धम्मपालने आयुष्यात हजारदा केला असेल, पण त्या दुपारी तो संपेना. एक म्हणजे एक गतिरोधक त्याला दुश्मन वाटला. दिपिका पोरीच्या तोंडावर वाकून बसली होती. “मनी, मनी, घे ना गो श्वास,” एवढंच म्हणत होती. गाडीच्या खिडक्या उघड्या होत्या, वारा भणाणत होता, आणि रत्नप्रभा त्या खिडक्या लावायला बघत होती. धम्मपालने तिचा हात धरून खाली केला. “राहू दे,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

मुरबाडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला ऑक्सिजन लावला, वाफेचं औषध दिलं. अर्ध्या-पाऊण तासाने शिट्टी उतरली. मग बाई बाहेर आल्या आणि चौकशीला लागल्या. धुरी देता? रोज? खिडक्या बंद करून? रत्नप्रभाची मान खाली गेली.

“अहो, बारा दिवसांचं बाळ आहे,” डॉक्टरीणबाई कडाडल्या. “तुम्ही आजी ना? धुरात कोंडलंत त्याला! आणखी तासभर उशीर झाला असता तर?”

रत्नप्रभा हुंदके द्यायला लागली. “मी मारलं असतं गो पोरीला... मी...”

धम्मपाल भिंतीला टेकून उभा होता. बाई विचारत होत्या, “घरात आणखी काही? नवीन रंग, नवीन फर्निचर?”

“खोली नवीन आहे,” दिपिका डोळे पुसत म्हणाली. “पण त्याचा वास कधीच गेला. बाबांनी बघितलंय. ते सुतार आहेत.”

आता गप्प राहणं किती सोपं होतं बघा. धुरी बंद झाली असती, दोष बायकोच्या माथी गेलाच होता, ती तो मुकाट्याने वाहत होती. गुलाबी खोली तशीच उभी राहिली असती. आणि दोन दिवसांनी, पोर बरी झाली म्हणून, हीच माणसं तिला पुन्हा त्याच खोलीत निजवणार होती. धम्मपालच्या शब्दावर.

“मला वास येत नाय,” तो म्हणाला.

कुणाला कळलंच नाही. “काय?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मला कसलाच वास येत नाय. आठ वर्सं झाली. पॉलिशच्या कामात गेलं नाक. मी कुणाला सांगितलं नाय.” त्याने हात जोडले होते, कुणाला ते त्यालाही माहीत नव्हतं. “खोलीत सोल्युशन आहे, फोम आहे, हलक्या भावाचा प्लाय आहे. सगळं बंद करून ठेवलेलं. वास गेला का नाय ते मला माहीतच नव्हतं. मी आपलं सांगितलं. तिला ओरडू नका, बाई. तिचा एकटीचा नाय दोष.”

रत्नप्रभा रडायची थांबली. पदराने नाक पुसत म्हणाली, “म्हणजे, माझी सुकटीची चटणी...”

त्याने मान हलवली.

दिपिका फक्त त्याच्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं धम्मपालला डॉक्टरीणबाईंच्या ओरडण्याहून जड गेलं. मग अगदी हळू म्हणाली, “मी तुमाला विचारलं होतं बाबा. दारातच विचारलं होतं.”

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. नव्या प्लायमधून, डिंकातून, फोममधून वायू निघत राहतो, आठवडे काय, महिने सुद्धा. बंद जागेत आणि उन्हात जास्तच. त्यात धुराची भर. बाळाला त्या खोलीत पुन्हा न्यायचं नाही, वास येवो न येवो. दोन दिवस पोर तिथेच राहिली, तिसऱ्या दिवशी दूध ओढायला लागली.

घरी आले तेव्हा भावाने मधली खोली रिकामी करून, सारवून ठेवली होती. न सांगता. आधी मागितली असती तर आधीच दिली असती. खिडक्या सताड उघड्या, शेगडी नाही. रत्नप्रभाला पहिले दोन दिवस प्रत्येक झुळकीला धास्ती वाटायची, पण ती दात आवळून गप्प राहिली.

धम्मपालने पहार घेतली आणि आपल्याच हातची खोली फोडली. गुलाबी सनमायका फाडला, प्लाय उचकटला, खालची चादर ओढून काढली. जाळायला निघाला होता, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की जाळलं तर आणखी वाईट. म्हणून सगळं शेताच्या टोकाला वाऱ्यावर रचून ठेवलं. भगीरथ म्हणाला, “अरे, उन्हात दोन-चार महिने ठेवली असती तर चालली असती ना!” धम्मपाल म्हणाला, “मग चालली म्हणून कोण सांगणार? मी?” आणि पुन्हा पहार मारली.

दिपिका त्याच्याशी बोलत नव्हती. तसं वाढायची, पाणी द्यायची, पण बोलणं आईच्या मार्फत. “बाबांना सांग चहा झालाय.” बाबा चार हातांवर बसलेले. धम्मपालने ते निमूट सोसलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की पोर दूध पितेय ना, मग बाकी काय व्हायचं ते होऊ दे. पण जेवताना तो अर्ध्या ताटावरून उठायचा, हे रत्नप्रभा बघत होती.

घरी आल्याला नववा-दहावा दिवस असेल. जानकीबाईने पडवीत पोरीला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि आजूबाजूला न बघता धम्मपालच्या मांडीवर ठेवलं. “धर रे. माझे हात ओले हायेत.”

चिमटीएवढं तोंड, मिटलेले डोळे, श्वास सरळ. आपल्याकडे म्हातारी माणसं करतात तसा तो सवयीने वाकला, पोरीच्या टाळूला नाक लावून त्याने श्वास ओढला. काही आलं नाही. पुन्हा ओढला. मग तसाच वाकून राहिला. पडवीत जानकीबाई घमेलं विसळत होती आणि दिपिका दाराशी ओले केस पुसत उभी होती.

त्याने मान वर केली. डोळे भरले होते.

“दिपे,” तो म्हणाला, “कसा येतो गो वास, हिच्या टाळूचा?”

दिपिकाचा टॉवेल थांबला. ती तोंड फिरवून उभी राहिली, मग आली, त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि लेकीच्या डोक्यावर वाकली.

“दुधाचा येतो,” ती म्हणाली. “वेखंडाचा थोडा.”

“अजून?”

“थांबा,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.